रणवरे सरांची टिकली

"एवढं तरी हवं," म्हणत नानांनी हात कमरेच्या उंचीवर धरला. हात थरथरत होता, त्यामुळे त्यांना हवं असलेलं कुत्रं कधी दोन बोटं उंच व्हायचं, कधी दोन बोटं बुटकं.

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. अर्धाच भरलेला. पूर्ण भरला तर सांडायचा, आणि एकदा सांडला की ते तो घ्यायचेच नाहीत.

"नाना, एवढं मोठं कशाला? एखादं छोटंसं आणू या की. मांडीवर बसेल असं."

"मांडीवर बसणारं नको," ते म्हणाले. "मोठंच हवं."

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. नाना म्हणजे माझे सासरे, गंगाधर रणवरे. फलटणच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं पी.टी. शिकवली. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. पाठ ताठ, नजर समोर, पाऊल पूर्ण उचललेलं, असं चालायला त्यांनी पोरांना शिकवलं आणि स्वतःही तसेच चालत आले. सासूबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. माझा नवरा श्रीरंग पवनचक्क्यांच्या कंपनीत होता. साइट धुळ्याकडे, पंधरा दिवसांनी दोन दिवस घरी. मी सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला जायची, दुपारी दोनला परत. म्हणजे घरात एरवी आम्ही दोघंच. माझ्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. आमच्यात भांडण कधी नव्हतं, पण मोकळं बोलणंही नव्हतं. जेवायला वाढलंय, औषध घेतलंत का, श्रीरंगचा फोन आला होता, एवढंच.

दीड वर्षापूर्वी नानांना कंपवात असल्याचं निदान झालं होतं. घराबाहेर कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी आम्हा दोघांना बजावलं होतं. पुण्याचे डॉक्टर दर खेपेला एकच सांगायचे. रोज चाला, मोकळ्यावर चाला, बसून राहिलात तर पाय विसरतील. आधी ते जायचेही. पण जूनमध्ये एका संध्याकाळी ते फिरून आले, चपला काढल्या आणि त्यानंतर फाटकाबाहेर पडले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. हॉलमध्ये खिडकीपासून देवघरापर्यंत चाळीस फेऱ्या मारायचे. सात महिने असे गेले.

त्यामुळे कुत्रं हवं म्हटल्यावर मला एकीकडे बरं वाटलं. त्या निमित्तानं तरी बाहेर पडतील. दुसरीकडे भीतीही वाटली, कारण लहानपणी मला एका कुत्र्यानं पोटरीला धरलं होतं, आणि तेव्हापासून मी गल्लीत कुत्रं दिसलं तर वाट बदलणारी.

तरी मी एक प्रयत्न केला. लॅबच्या मॅडमकडे पांढऱ्या केसाळ कुत्र्याची पिल्लं होती. त्यातलं एक दाखवायला म्हणून घरी आणलं. नानांनी एका बोटानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"गोड आहे," ते म्हणाले. "पण हे कुणाला दिसणारसुद्धा नाही."

मला वाटलं, त्यांना चोराचिलटाची भीती वाटत असेल. श्रीरंगला फोनवर सांगितलं तर त्यालाही तसंच वाटलं. पुढच्या खेपेला येताना त्यानं दाराला आणखी एक कडी आणून लावली. नानांनी कडीकडे एकदा नुसतं बघितलं.

शेवटी मी डॉक्टर मुलाणींना बोलावलं. ते जनावरांचे डॉक्टर, आणि नानांचे विद्यार्थी. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग अगदी स्पष्ट सांगितलं.

"सर, घरात याआधी कधी कुत्रं होतं?"

"नाही."

"मग मोठं घेऊ नका. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं तर नाहीच. लहान कुत्र्यानं चूक केली तर चादर धुवावी लागते. मोठ्यानं केली तर हाड मोडतं. खाणं चौपट. जेवल्यावर पळालं तर पोट फुगून तासाभरात जातं. आणि एवढं करून जगतात किती, तर सात-आठ वर्षं. लळा लागतो न लागतो तोवर जातात."

नाना ऐकत होते. डॉक्टरांची नजर एकदा त्यांच्या हाताकडे गेली आणि त्यांनी ती लगेच काढून घेतली. मग म्हणाले की एक आहे खरी. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअरची ग्रेट डेन. ते वारले, त्यांच्या बाई आता बेंगळुरूला लेकीकडे चौथ्या मजल्यावर राहायला चाललेल्या. कुत्री पाच वर्षांची, शिकवलेली, शांत. पिल्लू वाढवण्यापेक्षा अशी परवडते.

"पण मी सांगितलं म्हणजे घ्या, असं म्हणत नाहीये सर. माझं मत अजूनही नकोच आहे."

"कधी बघायची?" नानांनी विचारलं.

ती आली छोट्या टेम्पोतून. फळी खाली पाडल्यावर आधी पुढचे पाय उतरले, मग बराच वेळ नुसतं अंगच उतरत राहिलं. काळीभोर, माझ्या कमरेच्याही वर, वजन बावन्न किलो. छातीवर तेवढा रुपयाएवढा पांढरा ठिपका. त्यावरून तिचं नाव टिकली ठेवलेलं. नाव ऐकून टेम्पोवाला इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

पहिले दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. फाटकाकडे तोंड करून बसायची. मी सगळा वेळ स्वयंपाकघराचं दार लोटून काम करत होते. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना मागे श्वास ऐकू आला. दार कधी उघडलं मला कळलंच नाही. मी पिठाचे हात वर धरून उभी राहिले. ती जवळ आली, वास घेतला, आणि मग माझ्या मांडीला आपली कूस लावून सगळं अंग माझ्यावर टाकून दिलं. मी ओटा आणि ती यांच्यामध्ये चेपून गेले.

"नाना," मी हळूच हाक मारली. "नाना, ही मला ढकलतेय."

ते दारात आले. बघितलं. आणि हसायला लागले. या आजारात माणसाचा चेहरा थिजतो, हसू आलं तरी चेहऱ्यावर उमटत नाही. पण त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं.

"ढकलत नाही ती," ते म्हणाले. "टेकलीय. तव्यावरची भाकरी करपतेय बघ."

ती करपलेली भाकरी टिकलीनं खाल्ली. तेव्हापासून ती आमच्याकडे जेवू लागली.

मुलाणींनी काही गोष्टी बजावल्या होत्या. पट्टा गळ्याला नाही, छातीवरून घालायचा. मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही. पहिला आठवडा मी सोबत राहायचं. आम्ही मागच्या गल्लीत, कालव्याकाठी सराव केला. मुलाणी स्वतः दोनदा येऊन बघून गेले. दुसऱ्या वेळी ते नुसतेच चालणाऱ्या त्या दोघांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सर एकटे जाऊ शकतील."

आठवा दिवस. साडेपाच वाजता नानांनी स्वतः दाढी केली, त्याला पाऊण तास लागला. इस्त्रीचा शर्ट घातला. मी म्हटलं, कालव्याच्या रस्त्यानं जा, तिकडे रहदारी नसते. ते हो म्हणाले, आणि फाटकातून बाहेर पडून सरळ बाजाराच्या रस्त्याला लागले. ऐन गर्दीच्या वेळी, शाळेच्या दिशेनं.

मला काही उमगेना. सात महिने जो माणूस घराबाहेर पडला नाही, त्याला रिकामा रस्ता नको होता.

पुढचे तीन आठवडे रोज तेच. साडेपाचला जायचे, सातच्या आत परत. येताना सोबत बातम्या असायच्या. कुणी विचारलं ही वाघ आहे का, कुणी विचारलं खाते किती, एका म्हातारीनं म्हणे म्हैस समजून लांबूनच हाड् केलं. जेवताना ते बोलू लागले. दोन वर्षांत ऐकलं नव्हतं एवढं मी त्या तीन आठवड्यांत त्यांना बोलताना ऐकलं. टिकली टेबलाशेजारी उभी राहून ताटात बघायची, त्यासाठी तिला मान वर करावी लागत नसे.

आणि मग एका सोमवारी, सहाच्या सुमाराला, शाळेचा शिपाई सोपान याचा फोन आला.

"वहिनी, लगेच या. सरांना कुत्रीनं पाडलं."

मी रिक्षानं पोचले. शाळेच्या फाटकासमोर दुकानाच्या पायरीवर नाना बसले होते. कपाळातून रक्त येऊन शर्टावर उतरलेलं, डावा हात पोटाशी धरलेला. टिकलीला फाटकाच्या गजाला बांधून घातलं होतं. मुलांना न्यायला आलेले पालक लांब कोंडाळं करून उभे. सगळे एकदमच मला सांगत होते. तिनं ओढलं, सर तोंडावर पडले, मग ती त्यांच्या अंगावर उभी राहिली, कुणाला जवळ येऊ देईना, गुरगुरत होती, शेवटी सोपाननं छत्रीनं हाकललं तेव्हा बाजूला झाली.

"ओढलं ना सर तिनं?" कुणीतरी विचारलं.

नानांनी मान हलवली. हो म्हणून.

कपाळाला तीन टाके पडले, डाव्या मनगटाला प्लास्टर. श्रीरंग रात्रीची गाडी पकडून आला. तो ओरडला नाही. वडिलांच्या पलंगाशी बसून म्हणाला, "आता ही राहणार नाही, नाना." नाना भिंतीकडे बघत होते. दोन दिवसांनी सोपान शाळेचं पत्र घेऊन आला. भाषा अतिशय सभ्य होती. पालकांच्या तक्रारी आल्या आहेत, सरांविषयी शाळेला आदरच आहे, तरी कुत्रीला या रस्त्यानं आणू नये.

मुलाणींना विचारलं. ते म्हणाले, "मी आधीच नको म्हणालो होतो, वहिनी. पण तिनं ओढलं हे मला पटत नाहीये." एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फलटणपासून बारा किलोमीटरवर श्रीरंगच्या एका ओळखीच्या माणसाचं पोल्ट्री फार्म होतं. त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. शुक्रवारी सकाळी दहाला टेम्पो येईल असं ठरवून श्रीरंग साइटवर परत गेला. मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"साखळीला?"

"दिवसा. रात्री सोडतील."

ते उठून आत गेले.

त्या चार दिवसांत त्यांनी टिकलीला हात लावला नाही. ती पलंगाजवळ जाऊन उभी राहायची, गादीवर हनुवटी टेकायची, आणि ते कूस बदलायचे. मला वाटलं, राग आला असेल. येणारच. मलाही आला होता. मी तिला मागच्या अंगणात सोडायची आणि दार लावून घ्यायची.

गुरुवारी साडेपाच वाजता ती नेहमीसारखी पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. हे ती रोज करत होती, आणि रोज अर्ध्या तासानं आपणच परत येऊन बसत होती. त्या दिवशी मला ते बघवेना. उद्या ही साखळीला असेल, एकदा फिरवून आणावी, एवढाच विचार माझ्या मनात आला. मी बूट घातले, ओढणी कमरेला बांधली आणि पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला. ओढलं तर सोडून द्यायचं आणि ओरडायचं, असं ठरवूनच निघाले.

ती मला बाजाराच्या रस्त्याला घेऊन गेली. घेऊन गेली म्हणजे पुढं झाली एवढंच. पट्टा सैल होता. दहा-बारा पावलं चालायची, थांबायची, मान वळवून माझ्या पायांकडे बघायची. तोंडाकडे नाही, पायांकडे. मी उभी असले तर तीही उभी. मी पाऊल टाकलं की तीही टाकायची. रस्त्यात एक गाढव आडवं आलं, दोन गावठी कुत्री भुंकत धावून आली, एका मोटरसायकलवाल्यानं कानाशी हॉर्न वाजवला. पट्टा एकदाही ताणला गेला नाही. घरापासून शाळा माझ्या चालीनं सहा मिनिटांची. आम्हाला वीस लागली.

शाळेच्या अलीकडे रस्त्याकडेनं गटार आहे आणि त्यावर एक अरुंद फरशी टाकलेली. तिथं आल्यावर टिकली माझ्या पुढं आडवी झाली आणि तशीच उभी राहिली. मी "चल" म्हटलं. ती हलली नाही. पट्टा जरा खेचला, तरी नाही. शेवटी मी तिच्या पाठीवर हात ठेवून फरशीवर पाऊल टाकलं, आणि मी पलीकडे गेल्यावर ती मागून आली.

फाटकाशी स्टुलावर सोपान बसला होता. तिला बघून तो उठून उभा राहिला, पण आत पळाला नाही.

"रोज इथं थांबायची दोघं," तो म्हणाला. "सर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे बराच वेळ. काहीतरी बोलायचे तिच्याशी. मग फरशी ओलांडायचे."

"त्या दिवशी ती ओढताना तुम्ही बघितलंत?"

त्यानं जरा आठवून पाहिलं. "पडल्यावर बघितलं. आवाज आला तेव्हा."

"मग ओढलं असं कुणी बघितलं?"

"आता वहिनी, एवढी मोठी कुत्री," तो म्हणाला. "ओढणारच की. सरांची चाल बघा ना गेले काही दिवस. सारखं आपलं झोक जातोय, पुढं धावतायत, मधेच थबकतायत. आम्ही म्हणायचो पण, सर, जड जाते तुम्हाला. तर सर नुसते हसायचे."

मी परत आले. येतानाही तिनं वीस मिनिटं लावली.

नाना हॉलमध्ये खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. आम्ही कुठून आलो ते त्यांनी बघितलं असणार. मी टिकलीचा पट्टा काढला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. सासऱ्यांच्या समोर अशी मी कधी बसले नव्हते.

"नाना, टिकली ओढत नाही."

ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"त्या दिवशी काय झालं?"

त्या आजारानं त्यांचा आवाजही बारीक झाला होता. मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाणारा आवाज, आता समोरच्या माणसालाही कान द्यावा लागायचा.

"फरशीपाशी पाय चिकटले," ते म्हणाले. "चिकटतात कधी कधी. डोकं म्हणतं उचल, पाय ऐकतच नाही. रोज मी तिच्या पाठीवर हात ठेवून थांबायचो, मग सुटायचा. त्या दिवशी मागून पोरं सायकलवरून आली, मी घाई केली. अंग पुढं गेलं, पाय तिथंच. पट्टा तर पडण्याआधीच हातातून सुटला होता. ती माझ्या अंगावर येऊन उभी राहिली ती मला धरायला मिळावं म्हणून. घरात मी तिला धरूनच उठतो ना. तेवढ्यात लोक धावत आले, ती गुरगुरली. मग सोपाननं छत्री मारली तिला." ते थांबले. "तिनं काही केलं नाही त्याला. नुसती बाजूला झाली."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

टिकली येऊन त्यांच्या खुर्चीला टेकली. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही.

"जूनमध्ये एकदा मी बाजारातून येत होतो," ते म्हणाले. "पाय जड झाले होते, झोक जात होता. समोरून एक बाई मुलाला घेऊन आली. तिनं मुलाला ओढून पलीकडच्या बाजूला घेतलं. म्हणाली, तिकडून चल, म्हातारा पिऊन आलाय." त्यांनी श्वास घेतला. "माझ्याच हाताखालची मुलगी ती, सुनीती. रिलेत पळायची. तिनं मला ओळखलंसुद्धा नाही."

टिकलीनं त्यांच्या मांडीवर हनुवटी ठेवली.

"गुडघा दुखत नव्हता," ते म्हणाले.

"हं."

"मग विचार केला, माणसाबरोबर एखादं मोठं कुत्रं असलं तर लोक आधी कुत्र्याकडे बघतात. आणि माणूस कसाही चालला तरी त्यांना वाटतं, कुत्रं ओढतंय. लहान कुत्र्यानं ते झालं नसतं. लहान कुत्रं कुणाला काय ओढणार? म्हणून मोठं हवं होतं." त्यांचा हात टिकलीच्या मानेवर होता, आणि तिथं तो थरथरत नव्हता की तिच्या अंगामुळे दिसत नव्हता, मला सांगता येणार नाही. "तीन आठवडे बरं चाललं होतं. कुणी विचारलंच नाही मला काही. मग पडलो तेव्हा सगळे म्हणाले, तिनं ओढलं ना. तेच सोपं होतं. मी म्हणालो हो."

खिडकीतून येणारा उजेड कमी झाला होता. मला खूप काही विचारावंसं वाटत होतं, आम्हाला का नाही सांगितलं असंही म्हणावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "टेम्पो उद्या दहाला येणार आहे."

"नको म्हणून सांग."

"आणि शाळेचं पत्र?"

"शाळेत मी सांगेन."

श्रीरंगला फोन केला. त्याला ती जूनमधली गोष्ट सांगितली, ती त्यानं मला पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाला, "नानांना म्हणावं, मी शनिवारी येतोय." टेम्पोवाल्याला त्यानंच कळवलं.

शुक्रवारी संध्याकाळी नाना तयार होऊ लागले. प्लास्टरमुळे शर्टाची बटणं लागेनात. दोनदा प्रयत्न करून ते तसेच उभे राहिले. मी पुढे झाले आणि बटणं लावली, वरपासून खालपर्यंत. आम्ही दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. शेवटचं बटण लावल्यावर ते म्हणाले, "आवाज पोचणार नाही माझा."

"मी आहे ना."

"नको. मीच बोलतो."

शाळा सुटायच्या वेळेला आम्ही फाटकाशी पोचलो. टिकलीचा पट्टा माझ्या हातात होता. पालक होते, स्कूटर होत्या. आम्हाला बघून कोंडाळं मागे सरकलं. एका बाईनं मुलीला कडेवर घेतलं. सोपान पुढे आला आणि हळूच म्हणाला, "सर, पत्र दिलं होतं की." नानांनी त्याला हातानं थांबवलं, आणि बोलायला लागले. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही.

"काय म्हणतात सर?" मागून कुणीतरी विचारलं.

नाना पुन्हा बोलले. तरी ऐकू जाईना. मग माणसं एक-एक पाऊल पुढे आली, आणखी एक पाऊल, एवढी की टिकलीच्या अंगाला हात लागेल इतकी जवळ. ऐकायचं तर दुसरा इलाजच नव्हता.

"मला कंपवात आहे," नाना म्हणाले. "दीड वर्ष झालं. झोक जातो, पाय अडकतात. त्या दिवशी मी माझ्यामुळे पडलो. हिनं ओढलं नाही. हिनं मला कधीच ओढलं नाही. सगळ्यांना तसं वाटत होतं, मी वाटू दिलं. ते चुकलं."

सोपान खाली मान घालून उभा होता. मग कडेवरच्या त्या मुलीनं विचारलं, "मग ती तुमच्यासाठी हळू चालते?"

"हो," नाना म्हणाले. "तिला खरं तर पळायला आवडतं."

त्यानंतर टिकली अडीच वर्षं जगली, मुलाणींनी सांगितलं होतं तेवढीच. नाना तिच्यामागं आणखी चार वर्षं होते आणि शेवटचे काही महिने सोडले तर रोज फिरायला जात होते, कधी माझ्याबरोबर, कधी श्रीरंगबरोबर, कधी एकटे. मोठं कुत्रं घेऊ का, असं आजही कुणी मला विचारतं. मी मुलाणींनी जे सांगितलं होतं तेच सांगते, शब्दन् शब्द. घरात पहिल्यांदाच कुत्रं येत असेल तर नको. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पण त्या संध्याकाळी आम्ही परत निघालो तेव्हा शाळेची घंटा झाली आणि मुलं सायकली घेऊन रस्त्यावर आली. रस्त्याच्या मधोमध नानांचे पाय अडकले. मी त्यांना धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. टिकली आडवी होऊन उभी राहिली. नानांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मागं सायकली थांबल्या, आधी दोन-तीन, मग सगळ्याच. एकही घंटी वाजली नाही. आम्ही सगळे उभे होतो, नानांनी पाऊल उचलायची वाट बघत.